वाऱ्याच्या मुलखातलं लपण

अमेरिकेत वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८० ह्या महामार्गावर लॅरमीहून रॉलिन्सकडे निघालं की रस्त्याकडेच्या फलकांवर बहुतेक वेळा वाऱ्याचा इशारा झळकत असतो. वारा फारच उठला की रिकामे, हलके ट्रक अडवून ठेवतात. तरी हिवाळ्यात एल्क माउंटनच्या आसपास कुशीवर आडवा पडलेला एखादा ट्रेलर दिसतोच, आणि इथली माणसं त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. हा वारा भूगोलाने दिलेला आहे. रॉकी पर्वताच्या उत्तर-दक्षिण रांगेला दक्षिण वायोमिंगमध्ये एक रुंद, बसकं खिंडार पडलंय. पश्चिमेकडून येणारी हवा त्यातून घुसते आणि घुसताना वेग घेते. १८६०च्या दशकात युनियन पॅसिफिकने रेल्वे नेली तीही इथूनच, कारण पर्वत ओलांडायला एवढी सोपी वाट दुसरीकडे नव्हती.

माझं पोट ह्याच वाऱ्यावर चालतं. आधी साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर आणि आता इथे, पवनचक्क्यांची देखभाल हेच काम. त्यामुळे वाऱ्याचं मला कौतुक नाही, धाकही नाही. हिशेब मात्र आहे. तो हिशेब एका अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडला, ते म्हणजे शेजाऱ्याचं शिकारीचं लपण, जनावराची वाट बघत दडून बसायची कापडी खोली.

शेजारी धनुष्यबाणाने शिकार करतो. मी बाण सोडत नाही, मेखा ठोकतो. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते हरीण मारायला तू मदत करतोस." ह्यावर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि माझ्या पिढीला शिकार म्हणजे गुन्हा, इतकंच ठाऊक. योगायोग असा की त्याच १९७२ साली अमेरिकेच्या संसदेने धनुष्यबाणांवर अकरा टक्के कर बसवायचा कायदा केला, आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. बंदुका-काडतुसांवर तसा कर १९३७ पासूनच होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राँगहॉर्न हा इथला हरणासारखा प्राणी काही हजारांवर आला होता. तो परत लाखांत गेला त्यात ह्या पैशाचा आणि परवान्यांवरच्या कडक मोजमापाचा वाटा आहे. २०२२-२३च्या भयंकर हिवाळ्यात कळपच्या कळप मेले, तेव्हा परवाने कापलेही. दोन देशांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. मला माझी वाट बरी वाटते, म्हणून मी बाण धरत नाही. पण शेजाऱ्याची वाट निव्वळ क्रूर आहे असंही मला आता म्हणवत नाही. आईचं समाधान झालं नाही. होणारही नव्हतं.

तर प्राँगहॉर्न. दिसायला आपल्या काळविटाच्या नात्यातला वाटतो, पण हरीणही नाही आणि काळविटासारखा खरा कुरंग, म्हणजे अँटिलोप, तोही नाही. स्वतःच्या कुळातला हा एकटाच उरलेला. शिंगांवरचं आवरण दरवर्षी टाकतो. ताशी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरने पळू शकतो, आणि आजचा इथला कुठलाही शिकारी प्राणी तेवढा वेगवान नाही. कित्येक जीवशास्त्रज्ञ मानतात की हा वेग अमेरिकेतल्या नामशेष झालेल्या चित्त्यासारख्या मांजरांपासून पळता पळता आला. त्याचे डोळे मोठे, डोक्याच्या दोन्ही कडांना बसवलेले. उघड्या माळावर त्याचा भरवसा नाकापेक्षा डोळ्यांवर जास्त. चालत जाऊन त्याच्या बाणाच्या टप्प्यात, म्हणजे वीस-पंचवीस मीटरवर पोचणं फार थोड्यांना जमतं. झाड नाही, झुडूप म्हणजे गुडघ्याएवढं सेजब्रश. म्हणून ऑगस्टच्या मध्यावर धनुर्धारींचा मोसम उघडला की लोक पाणवठा धरतात. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्राणिगणना ज्यांनी केलीय त्यांना ह्यातलं निम्मं सांगायला नको: कोरडा काळ, मोजकं पाणी, आणि न हलता बसण्याची ताकद. फरक इतकाच की इथे मचाण बांधायला झाड नसतं, आणि पाणी बहुधा रँचवरच्या गुरांच्या टाकीत असतं. ते पाणी जुनी पवनचक्की उपसते किंवा हल्ली सौरपंप.

बसायला जमिनीवर कापडी खोली उभी करतात, तिला इथे सगळे ब्लाइंड म्हणतात. मी लपणच म्हणतो. कॅटलॉगमध्ये त्याचे शेकडो प्रकार आहेत. कुणाच्या कापडावर कुठल्या गवताची नक्षी, कुणाला किती खिडक्या, कुणाच्या कापडातून आतून बाहेरचं दिसतं आणि बाहेरून आतलं दिसत नाही. वाऱ्याच्या मुलखात ह्यातलं बरंचसं गौण आहे. पोलादी पट्टीचं, पिळून चकतीसारखं घडी होणारं स्वस्त लपण घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उघडायला ते सोपं असतं, पण त्याच्या भिंतींना स्वतःचा ताण नसतो आणि थोड्याशा वाऱ्यात ते सतत फडफडत राहतं. आवाज एक वेळ चालेल. माळावर वारा असला की सगळंच वाजत असतं. हलणारी कड मात्र प्राँगहॉर्नला लांबून दिसते.

त्यापेक्षा हबचं लपण बरं. प्रत्येक भिंतीच्या मध्यावर एक हब, म्हणजे काड्या जोडणारा सांधा, असतो, त्यातून चार काड्या चार कोपऱ्यांकडे जातात. हब बाहेर ओढला की काड्या वाकून ताठ होतात आणि भिंत टणक बसते. छपराचंही तसंच. घेताना काड्यांची जाडी बघावी, आणि त्याहून जास्त बघावं ते काडी हबमध्ये जिथे बसते ते तोंड. मोडतं तिथेच. दुकानात उभं केलेलं लपण असेल तर तणावे बांधायच्या फासांची शिवण नखाने ओढून बघावी. एकेरी शिवण असेल तर सोडून द्यावं. उंची लागेल तेवढीच असावी. खुर्चीवर बसून धनुष्य पूर्ण ताणलं की वरचं टोक छपराला लागू नये, एवढं पुरे. आखूड कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना कप्प्या असलेलं, असेल तर ठेंगणं लपण चालतं, आणि लांब पारंपरिक धनुष्यवाल्याला मात्र उंची लागतेच, त्याला इलाज नाही. खिडक्यांना वेल्क्रो नको. आयत्या वेळी खिडकी थोडी सरकवायची आणि तो फर्र आवाज व्हायचा, म्हणजे दिवसभराची बैठक पाण्यात. आणि खिडकीची खालची कड कुठे येते ते बसून बघायचं. डोळ्यांना समोरचं सगळं मोकळं दिसतं, पण बाण डोळ्यांच्या खालून निघतो. नवखे लोक पहिला बाण खिडकीच्या काठात मारतात.

आता हिशेब. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. लॅरमीच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या वर, हवा समुद्रकाठापेक्षा साधारण वीस टक्के विरळ आहे, तेवढी सूट आपल्याला मिळते. ती धरूनही दीड मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच भिंतीवर ताशी ३२ किलोमीटरच्या वाऱ्याचा ढोबळ रेटा दहा किलोचा. वेग दुप्पट झाला, ६४ झाला, की चाळीस किलो. तिप्पट झाला की नव्वद. लपणाचं स्वतःचं वजन असतं आठ-दहा किलो. बरोबर पिशवीत येतात त्या मेखा म्हणजे बोटभर लांबीच्या तारा असतात, बागेतल्या हिरवळीवर तंबू लावायच्या. शेजाऱ्याचं आधीचं लपण असंच गेलं होतं. तो दुपारी जेवायला ट्रककडे गेला आणि परत येईपर्यंत ते दीड-दोन मैलांवरच्या कुंपणाच्या तारेत अडकलेलं होतं. काड्या सगळ्या मोडलेल्या.

हे आकडे मी त्याला कागदावर काढून दाखवले तेव्हा तो आधी हसला. वाळूच्या पिशव्या ठेवू म्हणाला. पण नुसतं वजन वाऱ्यापुढे फार पुरत नाही. जमिनीचं घर्षण वजनाच्या निम्मं धरलं तर नव्वद किलोचा आडवा रेटा थोपवायला एकशेऐंशी किलो वाळू लागेल, आणि ती माळावरून वाहून कोण नेणार? पिशव्यांचं काम दुसरं आहे. भिंतीच्या खाली कापडाची झालर असते, ती दाबून बंद ठेवायची. वारा झालरीखालून आत शिरला की आतून छपराला उचलतो, वरून जाणारा वारा छपराला ओढतच असतो, आणि दोन्ही मिळून लपण हवेत. म्हणून पिशव्या झालरीवर, आतल्या बाजूने, आणि बाहेरून झालरीवर फावड्याने माती.

धरून ठेवायचं काम मेखांचं. आम्ही अर्ध्या इंचाची सळई वापरतो, दोन फुटांचे तुकडे, वरचं टोक वाकवून आकडा केलेला. बांधकामावर मिळते तीच सळई. तिला खरखरीत कंगोरे असतात, ते माती पकडतात. घणाने ठोकावी लागते, कारण इथली खारी चिकणमाती ऑगस्टमध्ये विटेसारखी झालेली असते. सळई लपणापासून बाहेरच्या बाजूला कललेली ठोकायची आणि तणावा जमिनीला टेकून, अगदी बुडाशी बांधायचा. वर बांधला की सळईचा तरफ होतो आणि वारा प्रत्येक झोताला तिला थोडी थोडी सैल करत जातो. तणाव्याचा कोन पंचेचाळीस अंशांच्या आसपास. दोरी नायलॉनची नको. नायलॉन ताणतं, ओलं झालं की आणखी ताणतं, आणि सकाळी घट्ट बांधलेलं दुपारी लोंबतं. पॉलिएस्टर बरं.

चार कोपऱ्यांना चार तणावे, हे सगळेच करतात. लोक विसरतात ते हब. जोराच्या झोताला भिंतीचा हब आत ढकलला जातो आणि पावसात छत्री उलटी व्हावी तशी भिंत फाटकन आत येते, बसलेल्या माणसाच्या खांद्यावर. काडी मोडते ती ह्याच वेळी. म्हणून वाऱ्याकडच्या प्रत्येक हबच्या बाहेरच्या फासाला वेगळा तणावा हवाच. आमच्या लपणात पश्चिमेकडच्या दोन भिंतींच्या हबसाठी सळईसुद्धा नाही. तिथे रँचच्या कुंपणाला वापरतात ते पोलादी टी-पोस्ट ठोकलेत. छपराच्या हबपासून आत एक रॅचेटचा पट्टा खाली सोडून तो जमिनीत फिरवून बसवलेल्या स्क्रूच्या मेखेला आवळलाय. तो पट्टा खुर्चीच्या मागे येतो. शेजारी त्याला रोज शिव्या देतो, पण काढत नाही.

मातीप्रमाणे सगळं बदलतं हेही सांगायला हवं. पूर्वेला नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये गवताखाली नुसती वाळू आहे. तिथे सळई हाताने निघते. तिथे करायचं ते आपले मांडववाले नदीपात्रात करतात तेच: हातभर खोल खड्डा, त्यात दोरी बांधलेलं लाकूड किंवा भरलेलं पोतं आडवं पुरायचं आणि वर वाळू तुडवायची. वाळूचं अख्खं वजन मग दोरीच्या बाजूने उभं राहतं. चिकणमातीचा धोका वेगळा. पाऊस पडला की ती लोण्यासारखी होते आणि काल न हलणारी सळई आज ढिली. तसा पाऊस पडला की प्राँगहॉर्न टाकीवर येतही नाहीत, जिथे तिथे डबकी साचलेली असतात. त्यामुळे पावसानंतर सरळ मेखा तपासायच्या आणि घरी जायचं.

जागा ठरवताना आमचा मोठा वाद झाला. पाठ्यपुस्तकी नियम असा की शिकाऱ्याने प्राण्याच्या वाऱ्याखाली बसावं, म्हणजे वास जात नाही. वारा पश्चिमेचा, म्हणजे लपण टाकीच्या पूर्वेला. पण मग बाण सोडायची खिडकी पश्चिमेकडे उघडते, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडात. उघडी खिडकी वारा आत घेते, आत जायला वाट आहे पण बाहेर पडायला नाही, आणि लपण फुगतं. शिवाय संध्याकाळी, नेमकी जनावरं यायच्या वेळी, सूर्य खिडकीतून आत येतो आणि आतला माणूस लख्ख दिसतो. लपणाचा सगळा खेळ आतल्या काळोखावर असतो. आतलं कापड काळं, माणसाचा सदराही काळा, मागच्या खिडक्या बंद. तो काळोख गेला की कापडावरच्या नक्षीला काही अर्थ उरत नाही.

मी म्हटलं, टाकीच्या दक्षिणेला बसू. खिडकी उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत जवळजवळ नाहीच. वारा आडवा जाईल, वास टाकीच्या कडेने पूर्वेला जाईल. कळप पूर्वेकडून आला तर वास लागेल, हे खरं. पण हे जनावर डोळ्यांवर जगतं, नाकाचं नुकसान परवडतं, डोळ्यांचं नाही. आडव्या वाऱ्याने बाण थोडा ढळेल, पण वीस मीटरवर तो ढळणार किती? शेजाऱ्याने ते घराच्या मागे नेम मारून पारखलं आणि मगच मान्य केलं. पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं तर मी हे सुचवलं नसतं. त्याचं नाक फार तिखट. मग लपण असं फिरवलं की वाऱ्यासमोर सपाट भिंत न येता कोपरा येईल. कोपऱ्यावर वारा फुटतो आणि दोन्ही बाजूंनी घसरत जातो.

ह्यापुढची युक्ती मला महामार्गाने दिली. इंटरस्टेटचा हा टप्पा १९७० च्या ऑक्टोबरात खुला झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फाच्या ढिगांनी पुन्हा पुन्हा बंद पडला. पुढच्या वर्षीपासून कडेला लाकडी हिमकुंपणं उभी राहिली. ती भरीव नसतात. फळी, मोकळी जागा, फळी, मोकळी जागा. साधारण निम्मं कुंपण हवाच असतं, आणि जमिनीलगतही फट असते. भरीव भिंतीमागे वारा भोवरे करतो, विरळ कुंपणातून गाळून निघाला की त्याचा वेग मोडतो आणि तो पलीकडे लांबवर शांत राहतो. आम्ही तेच लहान प्रमाणात केलं. लपणाच्या पश्चिमेला काही पावलांवर टी-पोस्टांना केशरीऐवजी मातकट रंगाची प्लास्टिकची हिमजाळी बांधली, तिच्यात सेजब्रशच्या फांद्या खोचल्या. फडफड निम्म्याहून कमी झाली. दुसरा फायदा नंतर कळला: गुरं. रँचवरच्या गायींना अंग घासायला काहीतरी हवंच असतं, आणि पाचशे किलोची गाय टेकली की वाऱ्याच्या हिशेबाला काही किंमत राहत नाही. जाळी पाहून त्या वळसा घालायला लागल्या. प्राँगहॉर्नना कुंपणं जन्मापासून माहीत. त्यांनी पहिले दोन-चार दिवस लांबून पाहिलं आणि मग पाण्यावर यायला लागले.

मी आत बसलोय त्याच्याबरोबर. काळ्या कापडात ऑगस्टची दुपार म्हणजे भट्टी. खुर्ची उचलून खाली खडखड्या साप नाही ना, हे पहाटे टॉर्चने बघायचं, कारण सावलीचा शोध त्यालाही असतो. मग बारा-चौदा तास. दुपारी पश्चिमेला ढग उभे राहतात. खाली येता येता हवेतच सुकून जाणारा पाऊस लांबून झालरीसारखा दिसतो, आणि नवख्या माणसाला तो सुंदर वाटतो. धोका तिथेच आहे. सुकणारा पाऊस भोवतीची हवा गार करतो, जड झालेली हवा खाली आपटते आणि जमिनीवरून चहूकडे धावते. एरवीच्या वाऱ्याला दिशा असते, ह्याला नाही. आमचा कोपरा पश्चिमेला, जाळी पश्चिमेला, टी-पोस्ट पश्चिमेला, आणि झोत येऊ शकतो पूर्वेकडून, ताशी शंभर किलोमीटरने. अशा वेळी शूरपणा करू नये. सगळ्या खिडक्या उघडायच्या, वारा आरपार जाऊ द्यायचा, धनुष्य घेऊन ट्रकमध्ये जाऊन बसायचं. वीजही असतेच, आणि माळावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता. मोसम नसताना तर लपण पाडून, घडी करूनच ठेवायचं. आठवडाभर तसंच उभं सोडून जाणारे लोक कुंपणांना कापड पुरवतात, बाकी काही नाही. आणि ते निव्वळ कुरूप नसतं. प्राँगहॉर्न कुंपणावरून उडी सहसा मारत नाही, खालच्या तारेखालून सरपटतो. म्हणून इथले समंजस रँचवाले खालची तार बिनकाट्यांची आणि जमिनीपासून निदान सोळा इंच वर ठेवतात. तिथे फाटकं लपण गुंतून बसलं की कळपाची वाट बंद.

खरं सांगायचं तर कापडी लपण हा वाऱ्याच्या मुलखातला तिसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे. पहिला म्हणजे खड्डा. कमरेइतका खणून वर सेजब्रशची कडा केली की वाऱ्याला धरायला काही उरतच नाही. पण जमीन आपली नसते. रँचवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, खड्ड्यात गाईचा पाय गेला तर गाय गेली. त्याचं बरोबर होतं. दुसरा पर्याय गवताचे मोठे गोल गठ्ठे. पाचशे-सहाशे किलोचा एकेक गठ्ठा, दोन गठ्ठे कोनात ठेवून मधे माणूस; कॅन्ससकडे हे फार चालतं आणि शेतात गठ्ठे असतातच म्हणून जनावर बुजत नाही. आमच्या कोरड्या माळावर मात्र गुरं ते लपण महिनाभरात खाऊन टाकतील.

चौथा पर्याय समोर उभा होता आणि तो शेजाऱ्याला सुचला, मला नाही. टाकीशेजारची जुनी पवनचक्की. तिच्या लोखंडी मनोऱ्याचे चार पाय काँक्रीटमध्ये रोवलेले, आणि ह्या माळावरचे सगळे हिवाळे तिने काढलेत. त्या पायांच्या मधोमध लपण बसवलं तर मेखांची गरजच नाही. हबचे पट्टे सरळ पायांना. जनावरांनी तो मनोरा आयुष्यभर पाहिलेला. अडचण पंपाच्या दांड्याची आहे, तो मधोमध वरखाली होतो, त्यामुळे लपण एका बाजूला सरकवावं लागेल आणि दांड्याच्या बाजूची भिंत आत ओढून धरावी लागेल. शिवाय चक्कीचा आवाज, पण तो जनावरांच्या ओळखीचा. रँचवाल्याने परवानगी दिलीय, दोन अटींवर: फाटक प्रत्येक वेळी लावायचं, आणि पट्टा दांड्याला घासलेला दिसला तर त्याच दिवशी सगळं खाली. मी मोजमापं घेऊन आलोय. मनोऱ्याचे पाय वर निमुळते होत जातात, त्यामुळे आमचं लपण छपराशी थोडं अडतंय. शेजारी म्हणतो ठेंगणं नवीन घेऊ. मी म्हणतो आहे त्याच्याच काड्या कापू.